धुराड्यावर चढलेला कायदा

६ नोव्हेंबर १९९६ रोजी सगळा महाराष्ट्र 'वायू प्रदूषण नियंत्रण क्षेत्र' झाला. गडचिरोलीचं जंगल, महाबळेश्वरचं पठार आणि सांगलीजवळच्या कुपवाडची एमआयडीसी एकाच जाहीरनाम्यात बसली. त्याआधी तेरा वर्षं, २ मे १९८३ पासून, राज्यातल्या काही निवडक भागांनाच तो शिक्का होता. वरवर पाहता ही सरकारी भाषेतली किरकोळ भानगड वाटते, पण हवा कायद्याची सगळी ताकद त्या शिक्क्यातच होती. १९८१ साली संसदेने केलेल्या या कायद्यात कारखान्याने प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घ्यावी, ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त धूर सोडू नये, अशी बंधनं आहेत. ती सारी 'नियंत्रण क्षेत्रातल्या' कारखान्यांवर. क्षेत्राच्या बाहेर तोच कारखाना, तोच कोळसा, तोच धूर. पण कायद्याच्या लेखी तिथे काही घडतच नव्हतं.

कुपवाडच्या वसाहतीत आज फिरलं तर ओतकामाचे कारखाने दिसतात, यंत्रमाग आणि सूत दिसतं, हळद दळणारे दिसतात, बेदाणा साठवणारी कोल्ड स्टोरेजं दिसतात. सावळी, बामणोली, कानडवाडी ही गावं वसाहतीला चिकटून आहेत. इथल्या हवेचा इतिहास सांगायचा तर तो प्रामुख्याने ओतकामाचा, म्हणजे फाउंड्रीचा, इतिहास होतो. या भागात बीड, म्हणजे ओतीव लोखंड, वितळवायला कधी सुरुवात झाली, तिथून निघायला हवं.

१९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगाव सोडलं आणि औंध संस्थानात, कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर, कारखाना उभा केला; तीच पुढे किर्लोस्करवाडी. जागा दिली औंधच्या राजांनी, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी. तिथे लोखंडी नांगर निघू लागले, पुढे उसाचे चरक निघाले. थोडं वर, कऱ्हाडजवळ, १९१६ मध्ये ओगले बंधूंनी काचेचा कारखाना काढला आणि 'प्रभाकर' कंदिलाच्या काचा घरोघर गेल्या. स्वदेशीच्या त्या दिवसांत धुराडं हे अभिमानाचं चिन्ह होतं. कंपन्यांच्या लेटरहेडवर, कॅलेंडरवर, जाहिरातीत धुराडं काढताना चित्रकार वर धुराचा झोत काढायला विसरत नसे. धूर नाही म्हणजे काम बंद, असाच सरळ हिशेब होता.

आणि नेमक्या त्याच वर्षांत मुंबईत धुराविरुद्ध कायदा झाला. १९१२ चा 'बॉम्बे स्मोक न्यूसन्सेस ॲक्ट'. कलकत्त्यात असाच कायदा १९०५ सालीच झाला होता. व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनला तिथल्या धुराचा वैताग होता, आणि पांढऱ्या संगमरवराच्या व्हिक्टोरिया मेमोरियलचं स्वप्न पाहणाऱ्या माणसाला तो असणारच. मुंबईत गिरण्या, रेल्वे आणि गोदीतल्या बोटी कोळसा जाळत होत्या. नव्या कायद्याने भट्ट्या आणि धुराडी तपासायला निरीक्षक नेमले, एक आयोग बसवला, दंड ठेवला. कायदा मुंबईपुरता. औंध संस्थान तर ब्रिटिश मुलूखही नव्हतं. त्यामुळे किर्लोस्करवाडीच्या धुराला कोणी 'न्यूसन्स' म्हणण्याचा प्रश्नच नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्या माळावर तो कोणाला त्रास देत असेल असंही वाटत नाही.

त्या काळच्या धूर-निरीक्षकाचं हत्यार फार साधं होतं: एक पुठ्ठा. मॅक्सिमिलियन रिंगेलमान या फ्रेंच प्राध्यापकाने १८८८ च्या सुमारास तो तक्ता तयार केला. पांढऱ्या कागदावर काळ्या रेघांची जाळी. रेघा जितक्या जाड तितका चौकोन काळा. शून्य म्हणजे कोरा पांढरा, पाच म्हणजे पूर्ण काळा. निरीक्षकाने लांब उभं राहायचं, तक्ता डोळ्यासमोर धरायचा आणि धुराड्यातून निघणारा धूर कोणत्या चौकोनाशी जुळतो ते लिहायचं. कारखान्यात पाऊल टाकायची गरज नाही, शिडी नाही, प्रयोगशाळा नाही. जगभर हा तक्ता अनेक दशकं चालला तो या सोयीमुळेच.

पण तक्त्याला दिसे फक्त काळेपणा. गंधकाचा वायू रंगहीन असतो. तो शून्य नंबरात पास होई. इंग्लंडात अशा अदृश्य वायूंची दखल मुंबईच्या कायद्याआधी पन्नास वर्षं घेतली गेली होती: १८६३ च्या अल्कली ॲक्टने सोड्याच्या कारखान्यांना हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वायूचा ९५ टक्के भाग आतच अडवायला लावला, आणि पहिला मुख्य निरीक्षक रॉबर्ट अँगस स्मिथ हा स्वतः रसायनशास्त्रज्ञ होता. आम्लपावसाला नाव देणारा तोच. आपल्याकडे त्या परंपरेतला पुठ्ठा आला, रसायनशास्त्रज्ञ यायला साठ-सत्तर वर्षं लागली.

स्वातंत्र्यानंतर कृष्णाकाठ बदलला. ऊस वाढला, सहकारी साखर कारखाने उभे राहिले, सांगलीला वसंतदादांचा कारखाना झाला. ऑइल इंजिनं, पंप, कारखान्यांचे सुटे भाग यांना ओतीव काम लागायचं. कोल्हापूरच्या उद्यमनगरापासून सांगली-मिरजेपर्यंत भट्ट्या पेटल्या. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ (एमआयडीसी) स्थापन झालं आणि पुढे वसाहती आखल्या गेल्या; सांगली-मिरजेच्या पट्ट्यात कुपवाडची वसाहत त्यातलीच. प्लॉट, रस्ता, पाणी, वीज या चार गोष्टी महामंडळ देई. धूर कुठे जाईल, हा पाचवा प्रश्न आराखड्यात नसे. ज्या गावांत गुऱ्हाळाच्या चुलवाणाचा धूर हंगामभर अंगावर घ्यायची सवय, तिथे तो प्रश्न कोणी विचारलाही नसता.

सरकारला आधी पाणी दिसलं, हे स्वाभाविक होतं. मेलेले मासे वर तरंगतात, मळीचा वास गावभर पसरतो. हवेतलं काही तरंगून वर येत नाही. महाराष्ट्राने १९६९ मध्ये स्वतःचा जलप्रदूषण कायदा केला, केंद्राच्या कायद्याच्या पाच वर्षं आधी, आणि ७ सप्टेंबर १९७० रोजी मंडळ स्थापन झालं. आज ज्याला आपण महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ म्हणतो ते जन्माने पाण्याचं मंडळ आहे. अधिकारी पाण्याचे, प्रयोगशाळा पाण्याच्या, सवयी पाण्याच्या. हवा नंतर त्यांच्या गळ्यात पडली. १९७२ च्या स्टॉकहोम पर्यावरण परिषदेचा हवाला देत संसदेने १९८१ मध्ये हवा कायदा केला. तो १६ मे १९८१ पासून अमलात आला, महाराष्ट्राने १९८३ मध्ये स्वीकारला. कायद्याला सुरुवातीला वीस प्रकारच्या उद्योगांची अनुसूची होती. त्यात फाउंड्री होती.

मग भोपाळची वायुगळती झाली. २ डिसेंबर १९८४ च्या रात्रीनंतर दिल्लीतल्या कायद्यांना दात आले. १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा त्यातूनच आला आणि १९८७ मध्ये हवा कायदा दुरुस्त झाला. अनुसूची गेली, आता कोणताही कारखाना कक्षेत. कलम ३१-अ आलं: मंडळ थेट आदेश काढून कारखाना बंद करू शकतं, वीज आणि पाणी तोडू शकतं. साध्या नागरिकालाही साठ दिवसांची नोटीस देऊन कोर्टात जाता येऊ लागलं. मर्यादा मोडली तर कमीत कमी दीड वर्षं आणि जास्तीत जास्त सहा वर्षं कैद. कागदावर हा कायदा भयंकर झाला. कारखानदार मात्र कैदेला कधी फारसा भ्यालेला दिसत नाही. तो भितो वीज तोडण्याला. कोर्टाची तारीख वर्षांनी लागते, ऑर्डर मात्र ठरल्या दिवशी द्यावी लागते.

आता फाउंड्रीच्या भट्टीजवळ जाऊ, कारण सगळा खेळ तिथे आहे.

कुपोला म्हणजे उभं लोखंडी नळकांडं, आतून विटांचं अस्तर. तळाशी लाकडं पेटवून त्यावर कोकचा थर लावायचा, मग वरच्या दारातून बीड, भंगार, कोक, चुनखडी असे थर देत जायचे. ब्लोअर सुरू केला की खालच्या तोंडांतून हवा घुसते, कोक पांढराफटक पेटतो आणि वितळलेला रस खालच्या भोकातून लाल ओघळतो. या एका पेटवणीला 'हीट' म्हणतात. लहान फाउंड्रीत हीट रोज नसते. साचे भरून तयार झाले की एखाद दिवशी, तीही काही तासांचीच. बाकीचे दिवस कुपोला थंड. वर निघतं ते कोकची भुकटी, लोखंडाचे ऑक्साइड, गंधकाचा वायू, कार्बन मोनॉक्साइड, आणि पेटवतानाचा तो लाकडाचा गच्च धूर.

याला सरकारने मर्यादा घातली. तासाला तीन टनांपेक्षा कमी वितळवणाऱ्या कुपोलाला एका सामान्य घनमीटरमागे ४५० मिलिग्रॅम धूळ चालेल; तीन टन आणि वरच्याला १५०. लहानाला तिप्पट सवलत. कुपोला लहान म्हणून त्याची धूळ फुप्फुसाला कमी टोचते असं काही नाही. पण लहान माणसाला धूर धुणारा स्क्रबर परवडत नाही, हे मर्यादा ठरवणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणजे हा आकडा वैद्यकाचा नव्हताच, तो बॅलन्सशीटचा होता. यात लपवण्यासारखं काही नाही, जगभर उत्सर्जनाच्या मर्यादा अशाच ठरतात. पण आपण त्या आकड्याला आरोग्याची हमी समजतो, ते चुकीचं.

धुराड्याच्या उंचीचंही तसंच. नियमातलं सूत्र असं: तासाला किती किलो सल्फर डायऑक्साइड निघतो तो आकडा घ्या, त्याचा ०.३ हा घात काढा आणि १४ ने गुणा. येईल तेवढे मीटर उंच धुराडं बांधा. अर्धा टक्का गंधक असलेला कोळसा तासाला एक टन जाळला तर दहा किलो वायू निघतो, आणि उंची येते २८ मीटरच्या आसपास. वायू तेवढाच राहतो, फक्त शेजारच्या गावाऐवजी त्यापुढच्या गावात उतरतो. कुपोलासाठी वेगळा नियम: माल टाकायच्या दाराच्या वर, कुपोलाच्या व्यासाच्या सहापट धुराडं हवं. चोवीस इंची कुपोलाला हे झालं बारा फूट.

आणि हा धूर मोजायचा कसा? इथे पुठ्ठा चालत नाही. धुराड्याला भोक पाडून ठेवावं लागतं, 'पोर्ट होल'. त्याच्याखाली उभं राहायला प्लॅटफॉर्म, वर जायला शिडी. मंडळाचा माणूस पंप, नळ्या, काचेच्या बाटल्या घेऊन वर चढतो. आधी पिटो ट्यूबने वायूचा वेग काढायचा. आन्री पिटो नावाच्या फ्रेंच अभियंत्याने १७३२ मध्ये सेन नदीच्या प्रवाहासाठी बनवलेली ही वाकडी नळी. मग दुसरी नळी आत घालून धूर ओढायचा, पण त्याच वेगाने, ज्या वेगाने तो वर चाललाय. जास्त जोरात ओढला तर वायू नळीत वळतो आणि जड कण आपल्या वेगात सरळ निघून जातात. आकडा खोटा कमी येतो. हळू ओढला तर उलट, कण जास्त सापडतात. धूळ अडते ती 'थिंबल' नावाच्या बोटभर गाळणीत. तिचं वजन आधी केलेलं असतं, नंतर पुन्हा होतं. दोन वजनांतला फरक म्हणजे त्या कारखान्याचं प्रदूषण. काही मिलिग्रॅमवर संमतीपत्र, नोटीस आणि वीज अवलंबून.

अचूक मोजायचं तर भोक अशा ठिकाणी हवं की खालच्या वळणापासून धुराड्याच्या व्यासाच्या आठपट सरळ अंतर गेलेलं असावं आणि वर तोंडापर्यंत दोनपट शिल्लक असावं. म्हणजे एकूण दहापट. आणि कुपोलाला सक्ती कितीची? सहापटीची. मोजणीचा नियम आणि बांधणीचा नियम यांची गाठ कोणी घालून दिलीच नाही. अंतर कमी पडलं तर जास्त बिंदूंवर मोजा, अशी पळवाट पद्धतीत आहे, पण बारा फुटी धुराड्याला पळवाटीचीही धाप लागते. त्यात माल टाकायचं दार उघडं. तिथून थंड हवा आत शिरते आणि धूर पातळ होतो. म्हणून कुपोलाच्या गंधकाचा आकडा १२ टक्के कार्बन डायऑक्साइडला धरून दुरुस्त करायला सांगितलं आहे. कारखानदाराच्या हातचलाखीपेक्षा भौतिकशास्त्राचीच अडचण मोठी आहे.

यापुढे कायद्याची अडचण. कलम २६ सांगतं, नमुना घ्यायचा तर तिथल्या तिथे लेखी सूचना द्या, मालकाच्या किंवा त्याच्या माणसाच्या समोर घ्या, भांड्याला सील करा, दोघांच्या सह्या घ्या, लगेच प्रयोगशाळेला पाठवा. यातलं एक राहिलं की तो निकाल कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. आरोपीच्या दृष्टीने हे न्याय्यच आहे. पण कुपोलाच्या बाबतीत त्याचा अर्थ पाहा. अधिकारी गाडी घेऊन आला आणि फाटकावर कळलं, 'साहेब, आज हीट नाही.' हे खरंही असतं. मग तो उद्या येणार का? आणि हीट चालू असली तरी नमुना कोणत्या तासाचा? पेटवतानाचा धूर आणि रस वाहू लागल्यावरचा धूर, दोन वेगळ्या कारखान्यांचे वाटावेत इतके निराळे. रिंगेलमानचा पुठ्ठा निदान रस्त्यावरून, न सांगता चालायचा.

देशात दोन ठिकाणी या प्रश्नाला वेगळी वाट सापडली. आग्र्यात ताजमहालाभोवतीच्या फाउंड्रीवाल्यांना ३० डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कोक-कोळसा सोडा, गॅसवर या, नाहीतर जागा सोडा. याचिका होती १९८४ ची. महाराष्ट्राच्या जाहीरनाम्यानंतर अवघ्या आठ आठवड्यांत आलेला हा निकाल. हावड्यात 'टेरी' या संस्थेने स्विस मदतीने १९९८ मध्ये हवेच्या दोन रांगा असलेला कुपोला आणि त्यावर स्क्रबर बसवून दाखवला. कोक वाचला आणि धूळ मर्यादेच्या खूप खाली आली. कृष्णाकाठाला ना ताजमहाल होता ना न्यायालय. इथला कुपोला मागे हटला तो गिऱ्हाइकामुळे. मोटारीच्या कंपन्यांना चिवट ओतीव लोखंड हवं झालं, त्यात गंधक चालत नाही, आणि कोकमधला गंधक कुपोलात लोखंडाला लागतोच. म्हणून विजेवरच्या इंडक्शन भट्ट्या आल्या. काळा धूर कमी झाला, संमतीपत्राचं नूतनीकरण सोपं झालं.

इथे एक हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. टनभर लोखंड वितळवायला इंडक्शन भट्टी साधारण सहाशे युनिट घेते. कोळशावरच्या विजेला एका युनिटमागे सातशे ग्रॅमच्या आसपास कोळसा लागतो. म्हणजे टनामागे चारशे किलो कोळसा कुठेतरी जळतो. कोयनेची पाण्यावरची वीज शेजारी असली तरी तारांत सगळी वीज एकच होते. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या ८८ औद्योगिक पट्ट्यांना प्रदूषणाचे गुण दिले, तेव्हा महाराष्ट्रात कोळशावरच्या विजेचं चंद्रपूर पहिलं होतं, ८३.८८ गुण, देशात चौथं. कुपवाडचा धूर नाहीसा झाला असं म्हणताना चंद्रपूरकडे पाठ करावी लागते.

धुराड्याबाहेरच्या हवेची मोजदाद वेगळी. हवा मोजण्याच्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली सांगलीत तीन ठिकाणं ठरली: उद्योग भवनाची गच्ची, महापालिकेची एक प्राथमिक शाळा आणि कुपवाडची कृष्णा व्हॅली स्कूल. यंत्र म्हणजे मोठ्या व्हॅक्यूम क्लीनरसारखा आवाज करणारी पेटी. काचतंतूच्या कागदातून हवा ओढते, कागद आठ तासांनी बदलायचा. गंधक आणि नायट्रोजनचे वायू द्रावणात शोषले जातात, चार-चार तासांच्या नमुन्यांत. आठवड्यातून दोन दिवस, वर्षाचे १०४. उरलेले २६१ दिवस हवा आपली आपण असते.

या आकड्यांची तुलना ज्या मर्यादेशी होई तिची गोष्ट मला सगळ्यांत बोचते. ११ एप्रिल १९९४ च्या राष्ट्रीय मानकांत औद्योगिक भागाला एक मर्यादा होती, निवासी भागाला दुसरी. श्वासावाटे आत जाणाऱ्या धुळीची वार्षिक सरासरी निवासी भागात ६० मायक्रोग्रॅम, औद्योगिक भागात १२०. एकूण धुळीची १४० विरुद्ध ३६०. सांगलीच्या विश्रामबाग वस्तीत ज्या हवेला कायदा वाईट म्हणाला असता, ती कुपवाडच्या वसाहतीत उत्तम ठरली असती. कामगार आठ तास तिथे, आणि घरही पुष्कळदा फाटकासमोरच. १९९८ मध्ये सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एक महापालिका झाली, पण हवेचे दोन भाव त्यानंतरही अकरा वर्षं राहिले. १८ नोव्हेंबर २००९ च्या नव्या मानकांनी ते मोडले: उद्योग असो, वस्ती असो की खेडं, पीएम १०, म्हणजे त्याच श्वासावाटे आत जाणाऱ्या धुळीची, वार्षिक मर्यादा ६०. एका रात्रीत अनेक शहरं नापास झाली. हवा तीच, पट्टी बदलली. आणि ती पट्टी बदलणं हे माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सर्वांत प्रामाणिक काम आहे.

पट्टी बदलली तरी मोजणारा हात कोणाचा, हा प्रश्न राहतो. गुजरातेत २००९ ते २०११ दरम्यान अर्थशास्त्रज्ञांनी तिथल्या मंडळासोबत याचा छडा लावला. एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन ही ती मंडळी. तिथे कारखान्यांची तपासणी खासगी ऑडिटर करत, आणि ऑडिटर निवडायचा कारखान्याने, पैसे द्यायचे कारखान्याने. ऑडिटरांच्या अहवालांत धुळीचे आकडे १५० च्या मर्यादेच्या जरा खाली दाटीवाटीने बसलेले. सात टक्के कारखाने दोषी, असं अहवाल सांगत होते; त्याच धुराड्यांची गुपचूप फेरमोजणी झाली तेव्हा ५९ टक्के दोषी निघाले. मग काही कारखान्यांसाठी ऑडिटर चिठ्ठी टाकून नेमले, पगार सामाईक निधीतून दिला, फेरतपासणीची टांगती तलवार ठेवली. अहवाल खरे येऊ लागले, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे धूरही कमी झाला.

महाराष्ट्राने यातून आपला धडा घेतला तो तारे वाटण्याचा. ५ जून २०१७ पासून मंडळाने धुराड्यांच्या नमुन्यांवरून कारखान्यांना एक ते पाच तारे द्यायला सुरुवात केली आणि ते लोकांसमोर मांडले. संमतीपत्राच्या फायलीत पडून राहणारा आकडा पहिल्यांदा शेजाऱ्याला पाहता आला. मोठ्या कारखान्यांसाठी तर केंद्रीय मंडळाने फेब्रुवारी २०१४ मध्येच धुराड्यात कायमची यंत्रं बसवायला सांगितली होती. १७ प्रकारच्या उद्योगांत साखर आणि डिस्टिलरी आहेत, त्यामुळे सांगली-साताऱ्यातली मोठी धुराडी त्या जाळ्यात आली. सुरतेत २०१९ पासून अशाच यंत्रांच्या जोरावर धुळीच्या परवान्यांचा बाजार चालला आणि धूळ वीस ते तीस टक्क्यांनी उतरली. आठवड्यातून एखादी हीट घेणाऱ्या कुपवाडच्या फाउंड्रीला हे यंत्र परवडत नाही आणि शोभतही नाही. तिच्यासाठी शिडी आणि थिंबल.

८ ऑक्टोबर २०१८ रोजी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने मानकं न पाळणाऱ्या १०२ शहरांचे आराखडे मागवले. १० जानेवारी २०१९ रोजी केंद्राने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जाहीर केला. यादीत महाराष्ट्राची सतरा शहरं होती. मुंबई, पुणे, चंद्रपूर, आणि त्यांच्या बरोबरीने कोल्हापूर आणि सांगली. हळद-द्राक्षांचं गाव दिल्लीच्या यादीत कसं, याचं पुष्कळांना आश्चर्य वाटलं. गच्चीवरच्या कागदांना नसावं.

कामाची वाटणी मात्र जुनीच राहिली. शेडच्या आतली हवा औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाची. ओतकामाच्या वाळूची भुकटी मोल्डरच्या छातीत गेली तर प्रश्न त्यांचा. तीच भुकटी धुराड्यातून बाहेर पडली की प्रदूषण मंडळाची. रस्त्यावर बसली की महापालिकेची. दरम्यान जनविश्वास कायद्याने हवा कायद्यातली बरीचशी कैद काढून टाकली: १ एप्रिल २०२४ पासून बहुतेक गुन्ह्यांना दहा हजार ते पंधरा लाख रुपयांचा दंड, तोही कोर्टाऐवजी निर्णय अधिकाऱ्याकडून. सहा वर्षांच्या कैदेची भीती कागदावरच होती म्हणून मला तिचं फार दुःख नाही. दंड वेळेवर वसूल झाला तर तो जुन्या कैदेपेक्षा जड पडेल.

स्वच्छ हवा कार्यक्रमाचे पैसे कुठे गेले याचा हिशेब 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट'ने जुलै २०२४ मध्ये मांडला. देशभरात ६४ टक्के खर्च रस्त्यावरच्या धुळीवर: डांबरीकरण, झाडू मारणारी यंत्रं, पाण्याचे फवारे. उद्योगांच्या प्रदूषणावर ०.६१ टक्का. कारण सरळ आहे. शहरांचं यश पीएम १० वर मोजलं जातं, पैसे महापालिकांना मिळतात, आणि रस्ता महापालिकेचा असतो. एमआयडीसीतल्या धुराड्यावर चढायचा अधिकार तिला हवा कायद्याने दिलेला नाही.